टेलिस्कोप नंतर घ्या, आधी बाटलीला भोक पाडा

अंतराळाचा नाद लागला की माणूस पहिली चूक काय करतो तर टेलिस्कोप विकत घेतो. मीपण घेतला होता. खोक्यावर रंगीत नेब्युलाचा (तेजोमेघाचा) फोटो, अमुक शे पट मोठं दिसेल म्हणून लिहिलेलं, आणि प्रत्यक्षात स्टँड इतका लुळा की नुसता हात लागला तरी चंद्र गायब. दोन महिन्यांत तो कपाटावर गेला तो गेलाच. तर तसं करू नका, आधी फुकटातल्या गोष्टी करून बघा.

सुरुवात स्पेस स्टेशनपासून करा. आयएसएस, म्हणजे अंतराळवीर राहतात ते आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक, तुमच्या डोक्यावरून कधी जाणार ते नासाच्या 'स्पॉट द स्टेशन' अ‍ॅपवर कळतं, कुठल्या दिशेला उगवणार, किती उंच जाणार, सगळं. सूर्य मावळल्यावर किंवा उगवायच्या आधी तास-दीड तास ही बेस्ट वेळ, कारण आपल्याकडे अंधार पडलेला असतो पण तिकडे ४०० किलोमीटर वर अजून ऊन असतं आणि ते ऊन त्याच्या सोलर पॅनलवरून आपल्याकडे येतं. दिसतं कसं? एक ठळक पांढरा ठिपका, अजिबात न लुकलुकता सरळ चाललेला. लुकलुकतंय, लाल-हिरवं दिसतंय म्हणजे विमान. आणि कधीकधी आकाशाच्या मध्यावरच तो काही सेकंदांत फिका होत होत विझतो. पहिल्यांदा मला वाटलं ढग आला, पण ढग कसला, ते पृथ्वीच्या सावलीत शिरलं होतं! आपल्याच पृथ्वीची सावली अशी डोळ्यांनी बघायला मिळते हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

आता घरात येऊन वही घ्या. पृथ्वीची त्रिज्या साधारण ६,३७० किमी, वरचे ४०० मिळवा, घेर काढा, तो येतो ४२,५०० च्या आसपास, त्याला सेकंदाला ७.६६ किमी या वेगाने भागा. साडेब्याण्णव मिनिटं येतात. म्हणजे त्यांना दिवसात पंधरा-सोळा सूर्योदय. वाचलेला आकडा विसरतो, स्वतः काढलेला विसरत नाही.

आणि इथेच तो हमखास घोळ होतो की वर गुरुत्वाकर्षण नसतं म्हणून अंतराळवीर तरंगतात. तिथे जमिनीवरच्या जवळजवळ ८९ टक्के गुरुत्वाकर्षण आहे हो! पटत नसेल तर प्लास्टिकच्या बाटलीला तळाजवळ एक भोक पाडा, बोट दाबून पाणी भरा, झाकण लावू नका. बोट काढलं की धार लागते. आता खुर्चीवर उभं राहून बाटली तशीच सोडून द्या आणि कुणाला तरी मोबाइलवर स्लो मोशनमध्ये शूट करायला सांगा. पडताना धार बंद! पाण्याचं वजन कुठे गेलं नाही, पण बाटली आणि पाणी दोघं एकाच वेगाने पडतायत म्हटल्यावर पाणी भोकावर दाबच देत नाही. स्टेशन आणि आतली माणसं अशीच सतत पडतायत, फक्त आडवा वेग इतका आहे की ती जेवढी खाली येतात तेवढी जमीनही खाली वळत जाते. (फरशी पुसायची तयारी ठेवा.)

पैसे खर्च करायचेच असतील तर दोन डोळ्यांनी बघायची दुर्बीण (बायनॉक्युलर) घ्या, १० बाय ५० वाली, म्हणजे दहा पट मोठं दाखवणारी, ५० मिलिमीटर भिंगाची. भिंतीला किंवा खांबाला कोपर टेकवून गुरूकडे बघा, शेजारी एका ओळीत बारीक ठिपके, म्हणजे गुरूचे चंद्र, दिसतील, कधी चार, कधी तीन, कधी दोनच. वहीत एक गोल काढून ठिपके मांडा, खाली तारीख-वेळ, आणि दुसऱ्या रात्री त्याच वेळेला परत. गॅलिलिओने ७ जानेवारी १६१० ला आधी तीनच पाहिले आणि त्याला ते तारे वाटले, रोज जागा बदलायला लागले तेव्हा कळलं हे गुरूभोवती फिरतायत. त्यातला आयो नावाचा चंद्र साडेबेचाळीस तासांत एक फेरी मारतो म्हणजे काल डावीकडे होता तो आज उजवीकडे सापडू शकतो. आठवडाभराची चित्रं एकाखाली एक ठेवा मग मजा बघा. आणि सूर्याकडे दुर्बीण चुकूनही नाही, डोळा कायमचा जातो, यात गंमत नाही.

मोहिमांचं म्हणाल तर सगळ्या फॉलो करायला जाऊ नका, दमाल. एक धरा. मी नासाचं व्हॉयेजर १ हे यान धरलंय, १९७७ ला निघालेलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये ते अचानक बरळायला लागलं, डेटाला काही अर्थच नव्हता. मेमरीची एक चिप गेली होती. इथून कमांड पाठवायची, ती पोचायला साडेबावीस तास, उत्तर यायला तेवढेच, अशा गतीने इंजिनिअरांनी त्या चिपमधला कोड तुकडे करून मेमरीत दुसरीकडे बसवला आणि एप्रिल २०२४ मध्ये ते परत नीट बोलायला लागलं. मी ते पाच महिने रोज बातमी बघत होतो, मॅच बघतात तसं.

ढग असतील तर लंबक करा. एक मीटर दोरा, खाली वजन, छोटा झोका द्या, २० झोके मोजा (जाऊन परत आला की एक झोका), साधारण ४० सेकंद लागतात. एका झोक्याचा वेळ काढा, त्याचा वर्ग करा, ३९.५ ला त्याने भागा आणि दोऱ्याच्या मीटरमधल्या लांबीने गुणा, आलं 'जी', म्हणजे गुरुत्वाकर्षणाने येणारा प्रवेग. माझं पहिल्यांदा ९.५ आलं, ९.८ यायला हवं होतं. तीनदा केलं, तेच. मग ट्यूब पेटली, मी दोरा गाठीपर्यंतच मोजला होता आणि वजनाचा मध्य त्याच्या ३ सेंटिमीटर खाली होता.