म्युझिकल थिएटरच्या समर प्रोग्रॅमची ऑडिशन: गाण्याचा तुकडा नीट निवडा

हायस्कूलच्या मुलांसाठीच्या चुरशीच्या उन्हाळी प्रोग्रॅममध्ये ऑडिशनला बहुधा पूर्ण गाणं ऐकत नाहीत, १६ किंवा ३२ बारचा तुकडा मागतात (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा एक छोटा भाग). चार मात्रांचे १६ बार म्हणजे ६४ मात्रा. लय मिनिटाला १२० मात्रांची असेल, तर हातात जेमतेम ३२ सेकंद! म्हणून गाणं पहिल्या ओळीपासून सुरू करायचा हट्ट सोडा. पात्र जिथे काहीतरी ठरवतं किंवा मागतं, तिथून उचला आणि अर्थ पूर्ण होईल अशा ओळीवर थांबा. सर्वात उंच सूर घसा थकलेला असतानाही लागेल असाच हवा. एखाद्याच दिवशी साधणारा सूर ऑडिशनला नको.

स्वरलिपी तुमच्याच पट्टीत छापलेली न्या, सुरुवात आणि शेवट ठळक खुणांनी दाखवा. ऑडिशनला साथ करणारा पियानोवादक ती पहिल्यांदाच बघत असतो. ऐनवेळी पट्टी बदलायला सांगणं त्याच्यावर अन्याय आहे. लय सांगताना चुटक्या वाजवू नका, उद्धट दिसतं. एक ओळ हळू गुणगुणा, तेवढं पुरतं.

व्हिडिओ पाठवायचा असेल, तर वाद्यसंगीताचा स्पीकर फोनपासून लांब ठेवा. तुमचा आवाज त्यावर स्पष्ट ऐकू यायला हवा.