अर्धवट पत्ता टाकला की ब्राउझर काय समजतो आणि त्याला हवं तिकडे कसं वळवायचं

ॲड्रेस बारमध्ये काहीतरी टाकून एंटर मारला आणि साइट उघडायच्या ऐवजी सर्चची यादीच समोर आली, हे खूप जणांचं होतं आणि मग ब्राउझर बिघडला असं समजून लोक परत परत तेच टाइप करत बसतात. बिघडलेलं काही नसतं. पूर्वी पत्त्याची पट्टी वेगळी आणि सर्चची वेगळी असायची, २००८ मध्ये क्रोम आला तो दोन्ही एकाच पट्टीत घेऊन, नंतर बाकीचेही त्याच वाटेने गेले, आणि तेव्हापासून तुम्ही टाकलेलं पत्ता आहे की शोधायचे शब्द हे ब्राउझरला अंदाजाने ठरवावं लागतं. तो अंदाज कसा लावतो ते कळलं की एखादं चिन्ह जास्तीचं टाकून काम होतं.

पहिल्यांदा बघितली जाते स्पेस. पहिल्या स्लॅशच्या आधी कुठेही स्पेस आली की तो पत्ता असू शकत नाही, सरळ सर्च. स्पेस नसेल तर मग डॉट आहे का, आणि डॉटच्या पुढे जे आहे ते खरोखरचं डोमेनचं शेपूट, म्हणजे कॉम, इन अशी साइटच्या नावाच्या शेवटची अक्षरं, आहे का हे बघतात. त्यासाठी पब्लिक सफिक्स लिस्ट नावाची एक मोठी यादी आहे, फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाने सुरू केलेली, ती ब्राउझरसोबतच येते. इथेच गंमत होते बघा. प्रोग्रॅमिंगचं एक साधन असलेलं 'नोड डॉट जेएस' टाकलं तर सर्च होतो, कारण जेएस नावाचं डोमेन नाहीच. पण 'रीडमी डॉट एमडी' टाकलं, तुम्हाला त्या फाइलबद्दल शोधायचं होतं, तरी ब्राउझर साइट उघडायला निघतो कारण एमडी हे मोल्दोव्हा देशाचं डोमेन आहे. तसंच फाइलच्या नावांच्या शेवटी येणारं पीवाय पॅराग्वेचं, आरएस सर्बियाचं, आणि झिप हे तर २०२३ पासून कोणालाही विकत घेता येतं. म्हणून फाइलचं नाव शोधायचं असेल तर आधी प्रश्नचिन्ह टाका, मग स्पेस, मग नाव. प्रश्नचिन्ह दिसलं की क्रोम आणि फायरफॉक्स दोघंही मुकाट्याने सर्च करतात.

याच्या उलट अडचण असते एका शब्दाच्या पत्त्याची. ऑफिसच्या नेटवर्कवर प्रिंटर किंवा विकी असं नुसतं नाव दिलेलं मशीन असतं, तुम्ही ते नाव टाकता आणि मिळतो सर्च. क्रोम मागच्या मागे त्या नावाचं मशीन खरंच आहे का हे तपासतो आणि सापडलं तर वरती विचारतो की तुम्हाला तिकडे जायचं होतं का, पण तोवर तो शब्द सर्च इंजिनकडे गेलेला असतो. ऑफिसच्या आतल्या मशीनची नावं अशी बाहेर जाणं मला अजिबात बरं वाटत नाही. उपाय अगदी सोपा आहे, नावाच्या शेवटी एक स्लॅश द्या. 'प्रिंटर' आणि लगेच स्लॅश, की ब्राउझर त्याला पत्ताच मानतो. आणि सेटिंगमध्ये जाऊन सर्च सजेशन बंद करून टाका, नाहीतर एंटर मारायच्या आधीच टाइप केलेली अक्षरं सर्च इंजिनकडे जात असतात.

आता पत्त्याच्या सुरुवातीला ब्राउझर स्वतः काय जोडतो ते. सुरुवातीला काहीच लिहिलं नाही तर पूर्वी ब्राउझर एचटीटीपी, म्हणजे पान मागवायची साधी, उघडी पद्धत धरून चालायचा, २०२१ मध्ये क्रोम ९० पासून तो आधी एचटीटीपीएस, म्हणजे त्याचीच सुरक्षित आवृत्ती, लावून बघतो आणि नाही जमलं तर मग साध्यावर येतो. आकड्यांचा आयपी पत्ता (नेटवर्कवरच्या यंत्राचा नंबर) किंवा एका शब्दाचं नाव टाकलं तर मात्र तेव्हाही एचटीटीपीच ठेवलं होतं, कारण राउटरसारख्या यंत्रांकडे सुरक्षित जोडणीला लागणारं सर्टिफिकेट नसतंच बहुतेक वेळा. ट्रिपल डब्ल्यू ब्राउझर आपणहून लावेलच असं धरून चालू नका, ते न लावताही साइट उघडते तेव्हा बहुतेक वेळा साइटच्या सर्व्हरने तशी सोय केलेली असते. हां, विंडोजवर क्रोममध्ये नुसतं नाव टाकून कंट्रोल आणि एंटर एकत्र दाबलं तर पुढे ट्रिपल डब्ल्यू आणि मागे डॉट कॉम दोन्ही लागतात.

आयपी पत्त्यात उगाच शून्य घालू नका. १९२.१६८.०१०.१ असं नीटनेटकं दिसावं म्हणून लिहिलं तर ब्राउझर पुढच्या शून्यामुळे तो आकडा अष्टमान पद्धतीचा, म्हणजे दहाऐवजी आठाच्या हिशोबाने मोजलेला, समजतो आणि तुम्ही पोचता १९२.१६८.८.१ वर, मग राउटर का उघडत नाही म्हणून डोकं धरून बसायचं.

आता सगळ्यात जास्त त्रास देणारी गोष्ट, हिस्टरीतून आपोआप पुरा होणारा पत्ता. दोन अक्षरं टाकली की बाकीचं निळ्या रंगात पुढे येतं आणि आपण न बघता एंटर मारतो. एकदा चुकीच्या स्पेलिंगने गेलात की तेच परत परत पुढे येत राहतं. निळं आलेलं नको असेल तर एंटरच्या आधी डिलीट दाबा. कायमचं काढायचं असेल तर खालच्या यादीत बाणाने त्या ओळीवर जा आणि शिफ्ट धरून डिलीट दाबा, अँड्रॉइडवर क्रोममध्ये ती ओळ दाबून धरली की काढायचं का विचारतो. ओळीच्या डावीकडचं चिन्हही बघायची सवय लावा, भिंग असेल तर सर्च होणार, पृथ्वीचा गोळा किंवा साइटचं चिन्ह असेल तर साइट उघडणार.

बँकेचा किंवा पैशाचा पत्ता असेल तर हे अंदाजाचं काम नकोच. कॉम लिहिताना एक अक्षर सुटलं तर उरतं ते सीओ, सीएम किंवा ओएम, आणि ही तिन्ही अनुक्रमे कोलंबिया, कॅमेरून आणि ओमानची खरी डोमेन आहेत, त्यामुळे ब्राउझर काही न बोलता तुम्हाला तिकडे नेतो आणि तिथे कोणी हुबेहूब पान लावून बसलेलं असू शकतं. अशा साइटचा बुकमार्क करून ठेवा. आणि क्रोममध्ये ॲड्रेस बारवर राइट क्लिक करून पूर्ण पत्ता नेहमी दाखवायचा पर्याय चालू करा, म्हणजे पत्त्याचा लपवलेला सुरुवातीचा भागही दिसतो आणि आपण नेमके कुठे आलोय ते वाचता येतं.