हॉटेलसाठी ताजी मासळी: कधी काय घ्यायचं आणि कशासाठी वापरायचं

मेनूकार्डवर बारा महिने सुरमई-पापलेट छापून ठेवायची सवय आधी सोडा. बाजारात त्या दिवशी जे चांगलं आलंय ते फळ्यावर लिहा, नीट सांगितलं तर लोक आवडीने खातात. आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते, त्यामुळे त्या दिवसांत मिळणारं पापलेट बहुतेक बर्फातलं नाहीतर बाहेरून आलेलं. तेव्हा खाडीची मासळी घ्या, जिताडा, बोय, काळुंदर, चिंबोऱ्या (खेकडे). चिंबोरी हातात तोलून बघा, आकाराच्या मानाने जड लागली तर भरलेली. पोटावरची पट्टी निमुळती असेल तर नर, नांग्यांत मांस जास्त असतं.

ऑगस्टपासून बोटी सुटल्या की कोळंबी, बोंबील, मग बांगडा. बोंबलात बहुतेक पाणीच, म्हणून उभा चिरून, काटा काढून, फडक्यात गुंडाळायचा, वर जड पाट ठेवून फ्रीजमध्ये तासभर दाबायचा आणि ऑर्डर आल्यावरच बारीक रवा लावून तळायचा. आधी तळून ठेवलेला बोंबील म्हणजे त्या माशाचा अपमान आहे, पाच मिनिटांत मऊ पडतो.

बांगडा तेलकट आणि वासाला उग्र, त्याला मालवणकडचं, तिरफळ हा मसाला घातलेलं तिखलंच (घट्ट, तिखट कालवण) शोभतं, नारळाच्या दुधात घालू नका. आणि बांगड्याला बर्फ लगेच हवा, बाहेर राहिला की त्यात हिस्टामाइन तयार होतं आणि ते कितीही शिजवलं तरी जात नाही, गिऱ्हाईकाच्या अंगावर पुरळ उठतं, डोकं दुखतं. डिलिव्हरीवाला बर्फाशिवाय आला तर परत पाठवा, भिडेखातर घेऊ नका.

पापलेट घेताना कल्ल्याजवळ दाबून बघा, पांढरं पाणी आलं तर ताजं, लालसर आलं तर पुढच्या कोळणीकडे जा. २०२३ मध्ये आपला राज्यमासा झालाय तो, तेव्हा तळहाताएवढी पिल्लं स्वस्तात मिळाली तरी नको, ती वाढली तरच पुढे मिळेल. सुरमईची तुकडी फार पातळ कापली की तव्यावर कोरडी होते, अर्ध्या इंचापेक्षा कमी नको. डोकं कालवणाला ठेवा, खरी चव तिथेच आहे.

तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, मिठाच्या पाण्यात ठेवून त्यांची वाळू काढायची. उघडी असेल तिला टिचकी मारा, मिटली तर जिवंत, नाहीतर फेका. आणि शिजवूनही जी उघडली नाही ती ताटात जाऊ देऊ नका.