गोकाककडच्या दऱ्यांत जीप सफरीला जाताना

आपण बेळगावकर चिखलाला सरावलेलो. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला या पट्ट्यात गाडी घालायची म्हटलं की टायरची खाच शाबूत आहे ना आणि सोबत दोर आहे ना, एवढं बघून निघतो. पण गोकाक आणि गोडचिनमलकीचे धबधबे, सौंदत्तीजवळची नविलुतीर्थाची खिंड अशा सफरीला गाईडकडं नाव दिलं असेल, तर ती तयारी पुरत नाही. पूर्वेकडं पाऊस कमी, वालुकाश्माचे कडे उघडे आणि सावली शोधावी लागते. तिथं गाडीच्या आधी माणूस थकतो.

म्हणून पहिलं पाणी. दिवसभरासाठी माणशी ४ लिटर धरा, आणि सगळं एकाच कॅनमध्ये भरू नका. खडकातल्या हिसक्यांनी कॅनचं बूच सैल होतं आणि पाणी गाडीतच सांडतं. रेडिएटरचं पाणी वेगळं. ओआरएसची पाकिटं हाताशी हवीत, बॅगेच्या तळाशी नकोत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस उत्तम. एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या आसपास असतो, तेव्हा उजाडताच आत शिरून अकराच्या आत बाहेर पडायचं, हे गाईडशी आधीच ठरवून घ्या. धबधबा भरलेला बघायचा तर पावसाळ्यातच जावं लागेल, पण मग वाटेतली काळी रानं ओली असतात. ती माती चाकाला गोळे धरते आणि मडगार्डपर्यंत भरते. दोन दिवस उघडीप मिळाली की मगच जा.

पावसाळ्यात जाणार असाल तर गाईडला एक प्रश्न विचाराच: वरच्या पाण्याची चौकशी कोण करतं? गोकाकला घटप्रभा ५२ मीटर खाली कोसळते. तिच्या वरच्या अंगाला धूपदाळचा बंधारा आणि त्याच्याही वर हिडकलचं धरण आहे. तिकडून पाणी सोडलं की डोक्यावर ऊन असतानाही पात्र चढतं. अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या वाळवंटात अँटिलोप कॅनियन नावाची अरुंद घळ आहे. १९९७ च्या ऑगस्टमध्ये मैलोगणती दूर पडलेल्या पावसाचा लोंढा तिच्यात शिरला आणि ११ पर्यटक गेले. आपल्याकडच्या दऱ्या तेवढ्या अरुंद नाहीत, तरी नियम तोच. पात्रात गाडी उभी करून डबा सोडायचा नाही. या प्रश्नावर गाईड नुसता हसला, तर दुसरा गाईड बघा.

आता गाडी. रस्त्यावरची ३२ ची हवा खडकावर तशीच ठेवली तर टायर प्रत्येक दगडावरून उडतो. २२-२४ पर्यंत उतरवली की तो दगडाला बिलगून चालतो आणि पाठीचे हालही कमी होतात. पण मऊ टायरचा फुगवटा बाजूला येतो आणि धारदार कपारीनं चिरतो, म्हणून वेग माणसाच्या चालीचा ठेवा. हवा मोजायचं गेज आणि बॅटरीवर चालणारा कंप्रेसर घेतलाच पाहिजे, आतमध्ये पंक्चरवाला नाही. स्टेपनी चांगली हवी. ओढायचा पट्टा चासीला बसवलेल्या हुकालाच लावायचा. ट्रेलर जोडायच्या मागच्या गोळ्याला लावला आणि गोळा तुटला, तर तो बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो.

स्टिअरिंग धरताना अंगठे आत गुंडाळू नका. चाक दगडाला आदळलं की स्टिअरिंग गर्रकन फिरतं आणि अंगठा पिरगळतो. उतारावर फोर-लो (चारही चाकांना जोर, पण वेग कमी), पहिला गिअर, क्लचवरून पाय पूर्ण काढलेला. गाडी इंजिनच धरून ठेवतं.

खायला जोंधळ्याची कडक भाकरी आणि शेंगाची चटणी न्या, उन्हात दहीभात टिकत नाही. गोकाकात करदंट घेऊन खिशात ठेवा. डिंक आणि सुकामेव्याचा एक तुकडा बराच वेळ पुरतो. अंगभर सुती कपडे, टोपी, घोटा झाकणारे बूट.

वनखात्याच्या हद्दीतून वाट जात असेल तर परवानगीचा कागद गाईडकडं आहे का ते स्वतः बघा, आणि कुणाच्या पेरलेल्या रानातून गाडी घालू देऊ नका. दरीत मोबाइलची रेंज जाते, त्यामुळं वाट आणि परतीची वेळ घरी सांगून ठेवा.

परतताना डांबरी रस्त्याला लागण्याआधी हवा भरा, चाकांचे नट आवळा आणि इंजिनखाली ऑइलचा थेंब पडतोय का ते वाकून बघा.