पुस्तक मिटून शिकवायचं कसं

धडा समजावला, "समजलं का?" विचारलं, "होऽऽ सर!" असं कोरसमध्ये उत्तर आलं, आणि आठवड्याने तेच विचारलं की सगळ्यांच्या माना खाली. माझी बरीच वर्षं यातच गेली, वर मी पोरांनाच ओरडायचो. मग मेंदू लक्षात कसं ठेवतो ते जरा वाचलं आणि कळलं की घोळ माझ्याच पद्धतीत आहे, मी पूर्ण तास नुसता भरत होतो, पोरांच्या डोक्यातून काही काढून घेतच नव्हतो.

आठवण पक्की होते ती आठवायची धडपड करताना. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये कॉलेजच्या मुलांना एक उतारा दिला, काहींनी तो परत वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते, पण आठवड्याने त्यांना साधारण ४२ टक्के आठवलं आणि लिहिणाऱ्यांना ५६ टक्के.

तर करायचं काय, तासाची पहिली पाच मिनिटं वही-पुस्तक मिटून तीन प्रश्न घ्या, एक कालचा, एक मागच्या आठवड्यातला, एक महिन्यापूर्वीचा. आपण शिकल्याबरोबर भराभर विसरतो हे एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्येच दाखवलंय, म्हणून जुना प्रश्न हवाच. सगळ्यांनी लिहायचं, हात वर करणाऱ्या त्याच चार हुशार पोरांना विचारून काही होत नाही. आणि मार्क अजिबात द्यायचे नाहीत, मार्क आले की कॉपी आलीच.

आमच्या आठवीत आम्ल-आम्लारी झाल्यावर महिन्याने विचारलं, लिंबाच्या रसात निळा लिटमस बुडवला तर? तिसऱ्या बाकावरची एक मुलगी पेन चावत छताकडे बघत बसली, मला सांगून टाकायची जाम घाई झालेली, पण गप्प राहिलो. तिने "निळाच" लिहिलं, खोडलं, मग "तांबडा". ती दोन मिनिटं म्हणजेच शिकणं, तेवढं आपल्याला तोंड बंद ठेवता आलं पाहिजे. उत्तर मात्र लगेच सांगायचं आणि ज्याने त्याने आपलं आपणच दुरुस्त करायचं, नाहीतर चुकीचंच डोक्यात बसतं.

दुसरं, मेंदू एका वेळी तीन-चारच नव्या गोष्टी धरू शकतो. फळा भरलेला, आपण बोलतोय आणि वर "उतरवून घ्या", मग पोरगं फक्त उतरवतं. एक तर बोला, नाहीतर लिहायला द्या. पाढे पाठ हवेत तेही याचसाठी (जुनाट म्हणा खुशाल), सात आठे छप्पन बोटांवर मोजत बसलं की अपूर्णांकाचं गणित डोक्यातून निसटतं.

गणिताचा सरावसंच देताना सरळव्याज आणि चक्रवाढ मिसळून द्या, एकाच प्रकारची दहा गणितं दिली की कुठलं सूत्र लावायचं हा विचारच होत नाही.

आणि एका ट्रेनिंगमध्ये आम्हाला "हा मुलगा बघून शिकणारा, तो ऐकून शिकणारा" असे तक्ते भरायला लावले होते. तसं वेगवेगळं शिकवून फायदा होतो याला धड पुरावा नाही, तो वेळ वाचवा.

पहिले पंधरा दिवस "रोजच परीक्षा काय सर?" अशी कुरकुर होणार. मी एक जुनी दोनशे पानी वही ठेवलीय, धडा संपला की त्यातले चार-पाच प्रश्न तारीख टाकून लिहून ठेवतो, महिन्याने नुसतं पान उलटायचं.