खाड्यांचा हिशेब: एफवायला, म्हणजे पदवीच्या पहिल्या वर्षाला, येणाऱ्यांसाठी

बारावीपर्यंत माझे खाडे माफ करणारी दोनच माणसं होती, आई आणि वर्गशिक्षिका. आईने डायरीत 'पोट दुखत होतं' अशी ओळ लिहायची, बाईंनी खाली सही करायची, झालं. कॉलेजात या पद्धतीचं काहीच चालत नाही हे मला २०१७च्या ऑक्टोबरात नोटीस बोर्डासमोर उभी असताना कळलं. काचेआड डिफॉल्टर लिस्ट, म्हणजे हजेरी कमी पडलेल्यांची यादी, लावली होती आणि केमिस्ट्री प्रॅक्टिकलच्या रकान्यात माझा रोल नंबर होता.

मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातली. बीएस्सीला डिचोली ओलांडून पुढे जावं लागायचं, दोन बस बदलून. पुढे ताळगावच्या पठारावर विद्यापीठात एमएस्सी केलं आणि २०२३पासून एका कॉलेजात लेक्चर बेसिसवर बॉटनी शिकवते. लेक्चर बेसिस म्हणजे जितकी लेक्चरं तितके पैसे, तेव्हा हजेरीचं महत्त्व मला आता दुप्पट कळतं. आधी यादीत नाव होतं, आता यादी करायला मदत करते. दोन्हीकडून जे दिसलं ते लिहिते आहे. प्रत्येक कॉलेजची हँडबुक वेगळी असते, ती पहिल्या आठवड्यात वाचा. मी वाचली नव्हती. कव्हर मात्र घातलं होतं.

गोवा विद्यापीठाच्या कॉलेजांत ७५ टक्के हा आकडा सगळ्यांना पाठ असतो, पण कशाचे ७५ हे कोणी विचारत नाही. मला वाटायचं महिन्याचे दिवस मोजतात. आमच्याकडे मोजायचे ते विषयवार, झालेल्या तासांवर. चार क्रेडिटचा थिअरी पेपर म्हणजे ६० तास, त्यातले ४५ बसायला हवेत, म्हणजे १५ खाडे खपतात. हे ऐकून पोरं निर्धास्त होतात. पण प्रॅक्टिकलच्या एका क्रेडिटचे ३० तास दोन-दोन तासांच्या १५ बैठकांत संपतात. १५चे ७५ टक्के सव्वाअकरा. सव्वाअकरा प्रॅक्टिकलं कोणी करत नाही, तेव्हा १२ करावीच लागतात. अख्ख्या सेमिस्टरमध्ये फक्त तीन चुकवता येतात. मी चार चुकवली होती.

ती चार कशी गेली तेही सांगते, कारण बहुतेकांची अशीच जातात. एक चवथीला. त्या वर्षी चवथ २५ ऑगस्टला होती, कॉलेजची सुट्टी संपली तरी आमच्या मूळ घरात गणपती बसलेलाच होता आणि 'एक दिवसाने काय होतंय' असं काकीपासून सगळे म्हणाले. एक बसमुळे. स्टँडवर बस भरेपर्यंत कंडक्टर हलत नाही, पुढची कदंब (आमची सरकारी बस) चुकते, आणि प्रॅक्टिकलला दहा मिनिटांनंतर लॅबचं दार बंद. उरलेली दोन आजीमुळे. तिला बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, नऊ दिवस ठेवलं होतं. रात्री आई, दिवसा मी. त्या नऊ दिवसांत आठवड्याचं ठरलेलं प्रॅक्टिकल दोनदा आलं.

यादी लागली तेव्हा १३ प्रॅक्टिकलं झाली होती आणि माझी नऊ होती. उरलेली दोन केली तरी ११. म्हणजे त्या दिवसानंतर मी कितीही नेमाने गेले असते तरी गणित सुटणार नव्हतं. आजीचं डिस्चार्ज कार्ड घेऊन विभागप्रमुखांकडे गेले. सरांनी ते पूर्ण वाचलं, उलटून पाहिलं आणि म्हणाले, "अगं, हे आजीचं आहे. ह्याच्यावर मी तुला आजारी कसं दाखवू?" मग थोडं थांबून, "ती अ‍ॅडमिट होती तेव्हा एक फोन का नाही केलास?"

उत्तर नव्हतं. फोन करायचा असतो हेच माहीत नव्हतं. त्यांनी बाबांना बोलावून घेतलं, हमीपत्रावर सही घेतली आणि राहिलेलं एक प्रॅक्टिकल दुसऱ्या बॅचबरोबर बसून करायला लावलं. ते सर चांगले म्हणून मी सुटले. बाबांचा त्या दिवसाचा रोज बुडाला तो वेगळाच. नंतर कळलं की त्याच आठवड्यात सांगितलं असतं तर दुसऱ्या बॅचबरोबर बसायची सोय तेव्हाच झाली असती, बाबांना यावंच लागलं नसतं. बहुतेक कॉलेजांत एका वर्गाच्या दोन-तीन बॅचेस असतात आणि तोच प्रयोग दोन दिवसांनी दुसरी बॅच करते. चुकलं तर त्याच आठवड्यात विचारा. पुढच्या आठवड्यात प्रयोग बदललेला असतो, रसायनं आवरून ठेवलेली असतात, आणि लॅब असिस्टंट एकट्यासाठी ती परत काढत नाही.

एक सोपं गणित मला त्यानंतर सुचलं, आता दर जूनमध्ये वर्गात फळ्यावर मांडते. ७५ टक्के राखायचे तर एक खाडा भरून काढायला तीन हजेऱ्या लागतात. २० लेक्चरं झाली आणि तुमचे आठ खाडे झाले, तर पुढची १२ सलग बसल्यावर कुठे ३२ला २४ होतात. वहीच्या शेवटच्या पानावर विषयवार रेघा ओढत जा. कॉलेजच्या पोर्टलवर टक्केवारी दिसते खरी, पण ती आम्ही शिक्षक भरतो तेव्हा दिसते, आणि आम्ही ती कधीकधी महिन्याच्या शेवटी एकदम भरतो. (हे प्राचार्यांनी वाचलं तर माझं काही खरं नाही.) चूकही होते. रोल नंबर ३४ आणि ४३ यांची अदलाबदल मी स्वतः केली आहे. त्या मुलीकडे तारखा लिहिलेल्या होत्या म्हणून दोन मिनिटांत दुरुस्त झालं.

पावसाची सुट्टी हा एफवायवाल्यांचा हमखास घोटाळा. मुसळधार पडतो, रेड अलर्ट येतो, रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर शिक्षण खात्याचं परिपत्रक फिरतं आणि सगळे पांघरूण ओढतात. ते परिपत्रक नीट वाचा. जुलै २०२४मध्ये अशी सुट्टी आली ती बारावीपर्यंतच्या वर्गांना होती. आमच्या एफवायचा अर्धा वर्ग घरी राहिला. सवयीचा परिणाम, काल-परवापर्यंत तेही बारावीतच होते! उरलेल्या अर्ध्यांना मी शिकवलं आणि हजेरीही घेतली. झाड पडून रस्ताच बंद झाला असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा फोटो काढून वर्गाच्या मेंटॉरला त्याच वेळी पाठवून ठेवा. संध्याकाळी पाठवलेल्या फोटोत झाड बाजूला केलेलं असतं.

आता दाखल्यांबद्दल, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहेत. मेडिकल सर्टिफिकेट दिलं म्हणजे रजिस्टरातला 'ए' पुसून तिथे 'पी' होतो असं मुलांना वाटतं. आमच्याकडे तसं होत नाही. गैरहजेरी गैरहजेरीच राहते. सेमिस्टरच्या शेवटी टक्के कमी पडले तर कंडोनेशनसाठी, म्हणजे कमी हजेरी माफ करण्यासाठी, प्राचार्यांसमोर फाइल जाते आणि त्या फाइलमध्ये हा कागद कामाला येतो. म्हणून साधा ताप येऊन दोन दिवस गेले तरी कागद ठेवा, पण त्याच्या भरवशावर पुढचे दहा दिवस खर्च करू नका. कागदावर आजाराचं नाव, कधीपासून कधीपर्यंत विश्रांती, डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक आणि सही-शिक्का हवा. इस्पितळात राहिला असाल तर डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स. डेंग्यूसारखं असेल तर रक्ताचा रिपोर्ट जोडा. आणि परत आल्यावर तीन-चार दिवसांत द्या. नोव्हेंबरात दिलेला जुलैचा दाखला पाहून आम्हीसुद्धा एकमेकांकडे बघतो.

'ओळखीच्या डॉक्टरकडून घेऊया' हे प्रत्येक बॅचमध्ये कोणीतरी म्हणतंच. डॉक्टरांनी दिलेल्या प्रत्येक दाखल्याची नोंद रजिस्टरात ठेवायची असते, २००२च्या वैद्यकीय आचारसंहितेत तसं लिहिलेलं आहे, आणि खोटा दाखला दिला तर त्यांच्यावर कारवाई होऊ शकते. तुमच्या चार लेक्चरांसाठी गावातल्या डॉक्टरला त्यात ओढू नका. शिवाय पकडलं जाणं सोपं असतं. माझ्या बरोबरच्या एका मुलाने टायफॉइडचा दाखला दिला, त्याच आठवड्यात तो आंतरमहाविद्यालयीन फुटबॉल सामन्यात गोल मारताना फोटोत होता. फोटो कॉलेजच्याच नोटीस बोर्डावर, आमच्या यादीच्या शेजारी.

तो फुटबॉलचा गोल खरं तर त्याला वाचवू शकला असता! खेळ, एनसीसी, एनएसएस, युवा महोत्सव यांसाठी कॉलेजनेच पाठवलं असेल तर ते तास हजेरीत धरून घेता येतात, पण आपोआप नाही. फिजिकल डायरेक्टर किंवा प्रोग्राम ऑफिसर सह्या करून यादी देतात, ती प्रत्येक विषयाच्या शिक्षकापर्यंत पोचायला हवी. एनएसएसचं निवासी शिबिर सात दिवसांचं असतं, तेवढ्यात एका पेपरची तीन-चार लेक्चरं सहज जातात. यादी ऑफिसात पडून राहिली तर नुकसान तुमचं. जायच्या आधी विचारा, आल्यावर पुन्हा विचारा.

मावशीचं लग्न, घर शाकारायचं, गावची जत्रा, दाजींचा गृहप्रवेश यांना कुठल्याच हँडबुकात जागा नाही. ते तुमच्या त्या १५ खाड्यांतून, प्रॅक्टिकल असेल तर तीनांतून, भागवायचं. आमच्याकडे शिरगावच्या लईराई देवीचे धोंड, म्हणजे व्रत पाळणारे भक्त, असलेली मुलं असतात. जत्रा वैशाखातली, परीक्षेच्या तोंडावर, आणि व्रताचे दिवस वेगळे. जी मुलं फेब्रुवारीतच येऊन सांगतात त्यांच्यासाठी निदान प्रॅक्टिकलची तारीख पुढेमागे करता येते. नरकासुराचं मात्र कोणी आधी सांगत नाही. दिवाळीआधी दोन-तीन आठवडे त्याचा पुतळा करायला रात्रभर बांबू, गवत आणि कागद चालतात आणि सकाळी साडेआठच्या लेक्चरला वाड्यावरची आठ-आठ मुलं गायब. आली तरी तोंडाला रंग लागलेला. नोव्हेंबरात इफ्फी, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव. सिनेमे बघा, जरूर बघा, २००४पासून तो आपल्या पणजीत होतो आणि बाहेरची मुलं त्यासाठी रजा काढून येतात. फक्त ऑक्टोबरपर्यंतचे खाडे वाचवून ठेवा आणि परीक्षेचं वेळापत्रक आधी बघा.

आयएसए, म्हणजे सेमिस्टरमधली अंतर्गत चाचणी, चुकली तर ती भानगड हजेरीहून निराळी. हजेरी ९० टक्के असली तरी त्या दिवशी नव्हता तर गुण शून्य. पुन्हा घ्यायची की नाही हे कारण पाहून ठरतं, आणि त्यासाठी वेगळा अर्ज लागतो. मेडिकल सर्टिफिकेटची एक प्रत हजेरीसाठी आणि एक इथे, असं दोन ठिकाणी द्यावं लागतं हे बऱ्याच मुलांना निकाल लागल्यावर कळतं.

उशिरा प्रवेश घेणाऱ्यांनी एक गोष्ट ऑफिसात विचारून घ्या. इंजिनिअरिंग-फार्मसीच्या फेऱ्यांची वाट बघत काहीजण जुलैच्या मध्यावर येतात. त्यांची लेक्चरं प्रवेशाच्या तारखेपासून मोजणार की सेमिस्टर सुरू झाल्यापासून? दोन्ही प्रकार मी पाहिले आहेत. आणि तुमची पुढची वाट दुसरीकडे असेल तर तिथला आकडा वेगळा असतो हेही लक्षात असू द्या. वकिलीला बार कौन्सिलचा नियम ७० टक्क्यांचा आहे. डॉक्टरकीला थिअरीला ७५ आणि प्रॅक्टिकलला ८०. बीएडला कोर्सच्या कामाला ८० आणि शाळेतल्या इंटर्नशिपला ९०. माझी बहीण बीएडला गेली तेव्हा आमच्या घरात चवथीच्या सुट्टीवरून फार वाद झाले.

लग्न झालेल्या मुलींसाठी एक. बाळंतपणासाठी पदवी आणि पदव्युत्तर विद्यार्थिनींना रजा व हजेरीत सवलत देणारे नियम करा असं यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) डिसेंबर २०२१मध्ये सगळ्या विद्यापीठांना कळवलं आहे. माझ्या वर्गातली एकजण हे माहीत नसल्याने वर्ष सोडून बसली होती. संकोच न करता विचारा. मॅडमना विचारायला सोपं जात असेल तर मॅडमना विचारा.

शेवटी अर्ज. तो लांबलचक लिहू नका, आदरणीय-पूजनीयमध्ये अर्धं पान जातं आणि तारखा राहतात. नाव, वर्ग, रोल नंबर, कुठल्या तारखा, त्या तारखांना कुठले तास चुकले, कारण एका वाक्यात, सोबत काय जोडलं आहे, पालकांची सही, फोन नंबर. आमच्याकडे अर्ज इंग्रजीत देतात, चुका झाल्या तर होऊ देत, तारखा चुकवू नका. तो मेंटॉरकडून सही करून घ्या, मग ऑफिसात. शिक्षकाच्या हातात देऊन निघून जाऊ नका. आमच्या टेबलावर जर्नलांचे ढीग असतात, त्यात कागद हरवतो. ऑफिसातल्या खिडकीवर दोन प्रती न्या, एक तिथे द्या आणि दुसरीवर इनवर्डचा शिक्का मारून नंबर घ्या. खिडकीवरचे काका "कशाला पाहिजे नंबर, पोचलं ना" असं म्हणतील. हसून तिथेच उभं राहायचं. ते मारतात शिक्का.