मुलाच्या खिशातला व्हेप: पालकांनी काय जाणून घ्यावे आणि काय करावे

पेन ड्राइव्ह, हायलायटर किंवा लिपस्टिकसारखी दिसणारी, मुठीत सहज लपणारी एखादी वस्तू मुलाच्या दप्तरात हाती लागली, तर ती काय आहे हे पुष्कळशा आईवडिलांना पहिल्या नजरेत कळत नाही. ती व्हेप, म्हणजेच ई-सिगारेट असू शकते. तिच्या एका टोकाला तोंडात धरायची चपटी नळी असते, आत छोटी बॅटरी, धातूच्या तारेचे वेटोळे, त्याभोवती कापूस आणि त्या कापसात मुरलेला द्रव असतो. झुरका घेतला की तार तापते आणि द्रवाचे अतिसूक्ष्म थेंब होऊन छातीत जातात. मुले याला ‘नुसती वाफ’ म्हणतात आणि बहुतेक वेळा प्रामाणिकपणे तसे मानतातही, त्यामुळे पालकांनी आधी स्वतः हे नीट समजून घ्यावे की ही पाण्याची वाफ नव्हे. तिच्यात प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, सुगंधी रसायने आणि बहुतांश वेळा निकोटीन असते. द्रव तापताना फॉर्माल्डिहाइडसारखे घातक पदार्थ तयार होऊ शकतात आणि तापलेल्या तारेतून निकेल, शिसे यांसारख्या धातूंचे कणही सुटू शकतात. खाण्यात चालणारा एखादा स्वाद फुप्फुसातही चालतो असे मुळीच नाही, कारण जठर आणि फुप्फुस हे दोन अगदी वेगळे अवयव आहेत.

निकोटीनविषयी एक गोष्ट मला विशेष महत्त्वाची वाटते, कारण हे व्यसन मुलांना इतक्या लवकर का जडते ते तिच्यावरून उलगडते. आधीच्या द्रवांतले निकोटीन जास्त प्रमाणात घेतले की घशाला झोंबायचे, ठसका लागायचा आणि नवखा मुलगा तिथेच थांबायचा. 2015 च्या सुमारास निकोटीनचे क्षार वापरणारी उपकरणे बाजारात पसरली. निकोटीनमध्ये आम्ल मिसळल्यामुळे त्याचा घशाला होणारा जाच कमी झाला आणि तीव्र द्रवही सहज ओढता येऊ लागला. युरोपीय संघाने एका मिलिलिटरमध्ये 20 मिलिग्रॅम ही निकोटीनची मर्यादा घातली आहे, पण इतरत्र 50 मिलिग्रॅमच्या वरचे द्रवही विकले गेले आहेत. शरीराने दिलेला ठसक्याचा इशाराच अशा रीतीने काढून घेतला गेला. त्यात सिगारेट जळून संपते तसे हे उपकरण संपत नाही. स्वच्छतागृहात, पांघरुणात, वर्गाच्या मागच्या बाकावर दोन-दोन झुरके दिवसभर चालू राहतात. मेंदूचा, विशेषतः निर्णय आणि संयम सांभाळणाऱ्या भागाचा विकास साधारण पंचविशीपर्यंत सुरू असतो, त्यामुळे या वयात तल्लफ लवकर जडते आणि रोज न ओढणाऱ्या मुलालाही ती जाणवू शकते.

त्याच नळीतून गांजातला अमली घटकही ओढता येतो, आणि वरून पाहून आत काय भरले आहे ते कळत नाही. अमेरिकेत 2019 मध्ये व्हेप ओढणाऱ्यांना फुप्फुसाचा तीव्र आजार होऊ लागला. फेब्रुवारी 2020 पर्यंत 2,800 हून अधिक जण रुग्णालयात दाखल झाले आणि 68 जणांचा मृत्यू झाला. मुख्य दोष सापडला तो अनधिकृतपणे मिळवलेल्या गांजाच्या द्रवात मिसळलेल्या ‘व्हिटॅमिन ई ॲसिटेट’ या पदार्थाचा. मित्राने दिलेल्या गोळीचेही असेच असते. औषधाच्या गोळीसारख्या हुबेहूब दिसणाऱ्या बनावट गोळ्यांत फेंटॅनिल हे वेदनाशामक सापडले आहे, जे मॉर्फिनपेक्षा 50 ते 100 पट तीव्र असते, आणि अशी एकच गोळी जीव घेऊ शकते. ‘एकदाच घेतली’ हे म्हणणे म्हणूनच निश्चिंत होण्याचे कारण ठरत नाही.

आधीपासून काय करावे

या विषयावर एकदाच बसून दिलेले लांबलचक व्याख्यान फारसे उपयोगी पडत नाही. 1983 मध्ये लॉस एंजेलिसमध्ये सुरू झालेला ‘डेअर’ हा उपक्रम शाळाशाळांत पोहोचला. पोलीस अधिकारी वर्गात येऊन मुलांना अमली पदार्थांचे धोके सांगत आणि ‘नाही’ म्हणायला शिकवत. पुढे संशोधकांनी तपासले तेव्हा त्या मूळ स्वरूपाच्या वर्गांमुळे मुलांच्या व्यसनाच्या प्रमाणात म्हणावा असा फरक पडला नसल्याचे आढळले. याउलट आइसलँडने मुलांच्या भोवतालावरच लक्ष दिले: शाळेनंतरच्या वेळेसाठी खेळ आणि कला यांची सोय केली, रात्री बाहेर राहण्यावर वेळेचे बंधन घातले, पालकांनी आपसांत करार केले आणि मुलांसोबत अधिक वेळ घालवण्याचा आग्रह धरला. तिथे 15-16 वर्षांच्या मुलांपैकी मागच्या महिन्यात दारूच्या नशेत गेलेल्यांचे प्रमाण 1998 मध्ये 42 टक्के होते, ते 2016 मध्ये 5 टक्क्यांवर आले. सारा देश एकटा पालक बदलू शकत नाही हे खरे, पण मुलाच्या चार मित्रांच्या घरी फोन करून रात्री परतण्याची वेळ सर्वांनी एकच ठरवणे कोणालाही जमण्यासारखे आहे.

बोलण्याची सुरुवात दहा-अकराव्या वर्षीच करावी आणि ती छोट्या छोट्या तुकड्यांत करावी. समोरासमोर बसवून केलेली विचारपूस मुलांना उलटतपासणी वाटते. गाडीतून जाताना, भांडी विसळताना, शेजारी शेजारी चालताना तेच बोलणे सहज होते. ‘तुमच्या वर्गात कोणी व्हेप ओढतं का?’ असे विचारून थांबावे आणि उत्तरात नाव आले तरी त्या मुलाची निंदा करू नये, कारण मित्राविषयी आपण काय बोलतो त्यावरून मूल स्वतःविषयी काय बोलले जाईल याचा अंदाज बांधत असते.

नकार कसा द्यावा हेही मोठ्याने बोलून, घरीच सरावाने बसवावे लागते. ‘मला सूट होत नाही’, ‘उद्या मॅच आहे’ एवढे वाक्य पुरते. आईवडिलांवर खुशाल ढकलावे, ‘घरी तपासतात’ असे सांगण्याची परवानगी आपणच द्यावी. त्याच्या जोडीला एक करार करावा, आणि या सगळ्यांत तो मला सर्वांत मोलाचा वाटतो. मूल कुठेही अडचणीत सापडले तर त्याने आपल्याला ठरलेले एकच अक्षर पाठवावे. आपण लगेच फोन करून ‘घरी काम निघालं आहे, मी घ्यायला येतोय’ असे म्हणावे. परतीच्या वाटेत एकही प्रश्न विचारू नये. हे शेवटचे कलम पाळणे सर्वांत अवघड असते, पण ते एकदा मोडले की ते अक्षर पुन्हा येत नाही.

घरात उरलेल्या वेदनाशामक, झोपेच्या आणि चिंता कमी करणाऱ्या गोळ्या कुलपात ठेवाव्यात आणि मोजून ठेवाव्यात.

शंका आली तर

कोणी अत्तर लावलेले नसताना येणारा गोडसर वास, रेंगाळणारा खोकला, सतत लागणारी तहान, वारंवार स्वच्छतागृहात जाणे, काही तास बाहेर जाता आले नाही की वाढणारी चिडचिड, हिशोब न लागणारे पैसे, दप्तरात सापडणारी प्लास्टिकची रिकामी कुपी ही व्हेपची चिन्हे असू शकतात. यांपैकी एखाद्यावरून निष्कर्ष काढू नये, कारण खोली बंद करून बसणे आणि चिडणे हे त्या वयाचेच असते. अनेक चिन्हे एकदम दिसू लागणे आणि मुलाचा स्वभाव थोड्या आठवड्यांत पालटणे याला महत्त्व द्यावे. कित्येकदा मूळ दुखणे वेगळेच असते: चिंता, नैराश्य, कोणाकडून होणारा छळ, अभ्यासात लक्ष न लागणे. मूल त्यावर स्वतःच औषध शोधत असते, म्हणून नुसता व्हेप काढून घेतल्याने ते दुखणे जात नाही.

चोरून लघवीची तपासणी करू नये. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संघटनाही घरच्या घरी अशी चाचणी करण्याची शिफारस करीत नाही. चाचणी चुकू शकते, अनेक पदार्थ तिच्यात दिसतच नाहीत, आणि विश्वास मात्र हमखास जातो. गरज वाटल्यास मुलाला सांगून डॉक्टरांकडे जावे.

व्हेप प्रत्यक्ष हातात आलाच, तर त्या रात्री बोलू नये. आईवडिलांनी आधी आपसांत बोलून घ्यावे, कारण एकाने ओरडायचे आणि दुसऱ्याने पाठीशी घालायचे असे झाले की मूल त्या फटीतून निसटते. दुसऱ्या दिवशी वस्तू टेबलावर ठेवून शांतपणे असे म्हणता येईल: ‘हे तुझ्या जॅकेटमध्ये सापडलं. मला राग आलाय, पण त्याहून जास्त भीती वाटतेय. हे कधीपासून आणि कसं सुरू झालं, ते मला समजून घ्यायचं आहे.’ त्यानंतर गप्प राहावे, शांतता दोन मिनिटे लांबली तरी. ‘माझं नाही, मित्राचं आहे’ असे उत्तर आले, तर वाद घालू नये, ‘असेलही. मित्र का ओढतो, तुला काय वाटतं?’ असे विचारावे. ओढल्याने काय बरे वाटते हे आधी विचारावे आणि त्यातले काय आवडत नाही हे नंतर, कारण दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात मूल स्वतःच्या तोंडाने सोडण्याचे कारण सांगते, आणि आपण ऐकवलेल्या दहा कारणांपेक्षा ते अधिक टिकते.

शिक्षा करायची तर आधी सांगितलेली, छोटी आणि मुदतीची असावी. ‘आता फोन कायमचा बंद’ ही धमकी चार दिवसांत मोडते आणि तिच्याबरोबर आपला शब्दही.

सोडताना

निकोटीन थांबवल्यावर पहिले दोन-तीन दिवस सर्वांत कठीण जातात. चिडचिड, झोपमोड, भूक, लक्ष न लागणे हे सारे साधारण तीन-चार आठवड्यांत ओसरत जाते. म्हणून परीक्षेचा आठवडा टाळून तारीख मुलालाच ठरवू द्यावी आणि त्या दिवसांतले उलट बोलणे थोडे सोसून घ्यावे. तल्लफेची लाट काही मिनिटांची असते. तेवढा वेळ पाणी पिणे, जिन्यावरून दोन फेऱ्या मारणे, कोणाला तरी फोन करणे यांत काढता येतो. निकोटीनचे पॅच किंवा गम आपल्या मनाने देऊ नयेत, डॉक्टरांना विचारावे. मूल रोज ओढत असेल, गांजा किंवा गोळ्या घेत असेल, जीव नकोसा झाल्याचे बोलत असेल, किंवा त्याला भास होऊ लागले असतील, तर मनोविकारतज्ज्ञांकडे जाण्यास एक दिवसही लावू नये. घराण्यात मनोविकाराचा इतिहास असल्यास किशोरवयातला गांजा विशेष धोक्याचा असतो.

मूल हाक मारूनही उठत नसेल, श्वास मंद किंवा अडखळत असेल, ओठ निळे पडले असतील, तर ‘झोपू दे, उतरेल’ असे समजू नये. ताबडतोब रुग्णवाहिका बोलवावी, श्वास चालू असल्यास त्याला कुशीवर वळवावे, उलटी करवू नये, एकटे सोडू नये आणि काय घेतले असावे ते डॉक्टरांना लपवाछपवी न करता सांगावे.

सोडल्यावर पुष्कळ मुले एकदा तरी पुन्हा ओढतात. मूल ते आपणहून सांगायला आले, तर आधी सांगितल्याबद्दल त्याला बरे म्हणावे, मग कुठे, कोणासोबत आणि कोणत्या वेळी ओढले ते दोघांनी मिळून कागदावर लिहावे, आणि पुढच्या वेळी त्या ठिकाणी, त्या वेळी काय करायचे ते त्याच कागदावर त्याला त्याच्या हाताने लिहू द्यावे.